बेचाळीस चिंध्या

पाणी सकाळी आठला जायचं आणि ऊन नऊला पेटायचं. त्याच्या आत रोपवालीला सहाशे ट्रे भिजवायचे असत. ती आणि तिची लेक, दोघी झाऱ्या घेऊन पळत. पळत म्हणजे अक्षरशः पळत. झारीचं पाणी निम्मं रोपांवर आणि निम्मं स्वतःच्या पायांवर. तरी दुपारी बाराला हिरव्या जाळीखाली शिरून पाहावं, तर वांग्याची रोपं माना टाकून बसलेली, वर्गातल्या सगळ्या पोरांना एकदम झोप लागावी तशी.

पाणी नव्हतं असं नाही. पंपघराच्या भिंतीला एक लाल चाक होतं. डावीकडे फिरवलं की पाणी खालच्या वस्तीला, उजवीकडे फिरवलं की वरच्या. आठ वाजता चाक उजवीकडे फिरायचं आणि दिवसभर तिकडेच तोंड करून बसायचं. वरच्या वस्तीत दुपारी लोक गाड्या धूत, अंगणं धूत, एक जण तर म्हणे कुत्रा धुवायचा. रोपवाली अर्ज घेऊन तीनदा गेली. पंचायतीत खालच्या वस्तीचा सदस्य होता बी-बियाणांचा दुकानदार. राहायला वरच्या वस्तीत, निवडून यायचा खालच्या वस्तीतून. तिसऱ्या वेळी त्यानं तिचा अर्ज टेबलावर ठेवला आणि अर्जावर चहाचा कप. कप उचलला तेव्हा तिच्या सहीभोवती गोल तपकिरी कडं उमटलं होतं.

"बघतो," दुकानदार म्हणाला.

"कप ठेवून बघता की उचलून?" असं विचारून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी निवडणुकीला उभी राहिली. निशाणी मिळाली झारी. मागणी एकच: दुपारी दोन तास पाणी खाली.

सासूबाईंना ही बातमी शेजारणीनं सांगितली. त्या शेळीला पाला घालत होत्या. "उभी राहिली?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरात आल्यापासून ती बसलीय कुठं!"

पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी सुनेच्या ताटात आधी वाढलं. एवढ्यावरून काय ते समजायचं.

*

प्रचाराचं काम निवृत्त मास्तरांनी अंगावर घेतलं. निम्म्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती, त्यामुळे दारात गेले की लोक अजूनही बिडी लपवत. त्यांनी एका वहीत तीन रकाने आखले होते: 'हो', 'नाही' आणि 'बघू'. मतदानाला चार दिवस राहिले तेव्हा ते वही घेऊन रोपवाटिकेत आले. रोपवाली उकिडवी बसून ट्रेच्या एकेका खळग्यात मिरचीचं बी टाकत होती.

"म्हाताऱ्यांचं गणित तोट्याचं आहे," मास्तर म्हणाले. "त्यांना दुकानदारानं कधीतरी बी उधार दिलंय, ती माणसं त्याचा शब्द मोडणार नाहीत. पण पोरं! अठरा ते पंचविशीतली अठ्ठावन्न पोरं आहेत खाली. त्यातली एक्कावन्न 'हो'च्या रकान्यात. एक्कावन्न! आपण निवडून आलो म्हणून समज."

रोपवालीचा हात थांबला नाही. "मास्तर, मागच्या निवडणुकीला पोरं किती आली होती?"

"नऊ."

"आणि 'हो' किती म्हणाली होती?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "पन्नास," ते म्हणाले.

रोपवालीनं बोटांवरची माती झटकली. पन्नास बिया टाकल्या आणि नऊच उगवल्या, तर ती त्या बियांची पुडी तोंडावर फेकून आली असती. पण पोरांची पुडी परत घ्यायला दुकान कुठलं?

हे दुकानदारालाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती कोबीचं बी आणायला गेली तेव्हा त्यानं तिच्या मागून आलेल्या तिघांना आधी माल दिला. मग तिच्याकडे वळून, चारचौघांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "काय रोपवालीबाई, पोरं तुमच्याकडून आहेत म्हणे. अहो, ही पोरं आई मेली तर उद्या रडू म्हणतील. त्यांच्या जिवावर निवडणूक लढवता? उन्हात वितळाल."

लोक हसले. रोपवालीनं पुडी घेतली, तारीख बघितली आणि म्हणाली, "शेठ, ही मागच्या वर्षीची आहे. ताजी द्या." लोक पुन्हा हसले, पण या वेळी जरा वेगळ्या बाजूनं.

घरी येईपर्यंत मात्र तिचा चेहरा उतरला होता. माणूस खोटं बोलला तर राग येतो. खरं बोलला की पाय जड होतात.

*

ज्या पोरांची ही चर्चा, ती रोज पहाटे तिच्याच फाटकात उभी असत. ती लावणीची टोळी होती. रोपवालीकडून ट्रे उचलायचे, कुणाच्या तरी शेतात जायचं आणि कंबर वाकवून दुपारपर्यंत रोपं लावायची. मुली निम्म्या, मुलगे निम्मे. त्यांच्यात लांबू होता, ज्याला वाकायला इतरांपेक्षा हातभर जास्त वाकावं लागे. चष्मेवाली होती; तिचा चष्मा घामानं नाकावरून घसरे आणि मातीच्या हातानं वर सारून सारून तिच्या कपाळावर कायमचा एक मातीचा ठिपका असे.

टोळीची एक रीत होती. लावणी होते ती दोरी धरून. लांबच लांब दोरी, हातभर अंतरावर गाठी. शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ती ताणायची आणि गाठीसमोर एकेकानं आपली ओळ धरायची. उद्या जो कामाला येणार, त्यानं आदल्या संध्याकाळी दोरीच्या एका गाठीला आपली चिंधी बांधायची. कुणाची ओढणीची, कुणाची बनियनची, प्रत्येकाची ठरलेली. काम झालं की आपली चिंधी आपण सोडायची. बांधून आला नाही, तर चिंधी दिवसभर लटकते, त्याची ओळ शेजारच्या दोघांना ओढावी लागते, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या टोळीला प्यायचं पाणी वाहायचं. आणि दोरी गुंडाळून ठेवलेली दिसली, की काम रद्द. का, कशासाठी, कुणी विचारत नसे. गुंडाळली म्हणजे गुंडाळली.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी रोपवाली फाटकाशी उभी राहून पोरांना एकेकाला विचारत होती. "उद्या मत द्यायला येशील ना रे?"

"म्हणजे काय काकू!" लांबू म्हणाला. तोंडात शेंगदाणे होते. "तुम्हाला नाही तर कुणाला?" हे बोलताना त्याचे हात मात्र खिसे चाचपत होते. मग पिशवी. मग पुन्हा खिसे. "माझी चिंधी कुठाय? ए, माझी चिंधी कुणी पाहिली का? उद्या सकाळी पलीकडच्या मळ्यात लावणी आहे, मला बांधायचीय!" घामाघूम झाला बिचारा. शेवटी चिंधी त्याच्या स्वतःच्या मनगटालाच सापडली, तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला.

रोपवाली बघत राहिली. मत मागितलं तर शेंगदाणे चावत 'हो'. आणि चिंधीसाठी हा असा कासावीस.

ती आत गेली आणि नवी दोरी घेऊन आली, अजून शेतात न गेलेली. एक टोक फाटकाला बांधलं, दुसरं पाण्याच्या टाकीच्या खांबाला. कुंपणाला लागून दोरी ताणून झाली.

"ही कसली लावणी काकू?" चष्मेवालीनं विचारलं.

"उद्याची. तुम्ही दोनला मळ्यातून सुटाल. शाळेत पाचपर्यंत मतदान आहे. ज्याला यायचंय त्यानं दुसरी चिंधी बांधा. मत देऊन आलात की सोडा. ज्याला यायचं नाही त्यानं बांधू नका. मी काही रागावणार नाही."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. इतका वेळ भराभर 'हो' म्हणणारी आता दोरीच्या गाठी चाचपू लागली. एक जण म्हणाला, "काकू, म्हणजे खरंच यावं लागेल?"

"लटकली तर पाणी वाहायचं!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि एकदम हशा पिकला. मग काय, झुंबडच उडाली. जुन्या सदऱ्याची बाही टर्रकन फाटली, कुणी मोज्याचं टोक कापलं, लांबूनं नाडीच ओढून काढली आणि एका हातानं पँट धरून दुसऱ्यानं गाठ मारली. लेकीनं आपल्या ओढणीचा काठ बांधला. तिचं आयुष्यातलं पहिलं मत होतं. एक्केचाळीस चिंध्या झाल्या.

"एक्कावन्न होते ना?" मास्तर पुटपुटले.

"दहा 'बघू' होते, तुम्ही 'हो'त घातले," रोपवाली म्हणाली.

सासूबाई ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. "अगं, आणि तुझी? टोळीला बांधायला लावतेस आणि स्वतः मोकळी?"

रोपवालीनं डोक्याला बांधलेल्या फडक्याची एक पट्टी फाडली आणि शेवटच्या गाठीला बांधली. बेचाळीस.

*

मतदानाच्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. धुळीचा, गरम. शाळेच्या दारात म्हाताऱ्यांची रांग लागली. दुकानदार स्वतः एकेकाचा हात धरून पायरी चढवत होता. सासूबाईंचाही धरायला गेला. "सोड," त्या म्हणाल्या. "मी पडले तर तुझ्यावर पडेन." पहिल्या दहात मत देऊन त्या घरी परत गेल्या.

लेक खोलीत आत बसली होती, आईची प्रतिनिधी म्हणून, नावांची यादी मांडीवर घेऊन. मोबाइल आत न्यायची बंदी. रोपवाली बाहेर, ठरवून दिलेल्या रेषेच्या पलीकडे, कडुलिंबाखाली. तिचा मोबाइल रोपवाटिकेत बियांच्या डब्यात राहिला होता. हे तिला फार उशिरा आठवलं.

बारा वाजेपर्यंत दुकानदाराची माणसं येऊन गेली. दोन वाजले. अडीच. मळ्यातून टोळी सुटली असणार. तीन वाजले. रस्त्यावर धूळ तेवढी येत होती, तीही वळून दुसरीकडे जात होती. साडेतीनला मास्तरांनी वही बंद केली. दुकानदार पलीकडच्या सावलीतून चालत आला आणि आपल्या हातातली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

"घ्या. ऊन फार आहे," तो म्हणाला. आणि त्यातलं वाईट हे, की त्याला खरंच दया आली होती.

रोपवालीनं बाटली घेतली नाही. "मी जरा दोरी बघून येते," ती मास्तरांना म्हणाली. निदान किती लटकल्यात ते डोळ्यांनी बघावं. बी उगवलं नाही तरी ट्रे बघायला जातोच ना माणूस.

रोपवाटिकेच्या फाटकाशी ती पोचली आणि थबकली. कुंपणाला दोरी नव्हती.

दोरी होती, पण व्यवस्थित वेटोळी करून, चिंध्या आत खोचून, टोपलीत, टोपली फाटकाच्या खांबावर. जाणाऱ्या-येणाऱ्याला नीट दिसेल अशी.

"आई!" ती ओरडली. "दोरी कुणी गुंडाळली?"

सासूबाई ओट्यावर आल्या. "मी. अगं, शेळी सुटली आणि दोन चिंध्या खाऊन बसली. एक मोज्याची आणि एक त्या चष्मेवालीची. वर हा वारा. म्हटलं, पोरांनी एवढ्या हौसेनं बांधल्यात, धुळीत कशाला लोळायला हव्यात. नीट गुंडाळून वर ठेवली."

रोपवाली खांबाला टेकली.

"काय झालं?"

"आई, दोरी गुंडाळली की काम रद्द."

सासूबाईंनी आयुष्यभर शेळ्या सांभाळल्या होत्या, लावणीला त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "अडीचला आली होती गं पोरं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुंपणावरून डोकावली. तो लांबू म्हणाला, 'म्हणजे ते खरं होतं तर.' मी म्हटलं, काय खरं? तर गेली पुढं. सकाळपासून दुकानदाराचा माणूस मळ्यात सांगत फिरत होता म्हणे, की तू माघार घेतलीस."

बियांच्या डब्यात मोबाइल सापडला. लांबूचे सहा फोन येऊन गेले होते, चष्मेवालीचे अकरा. आता उलट लावला तर दोघांचेही वाजत राहिले, कुणी उचलेना.

"कुठं गेली?"

"कुठं जाणार या उन्हात? तळ्यावर."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रोपवालीनं टोपली उचलली. सासूबाईंनी तिच्या हातातून दोरीचं एक टोक ओढून घेतलं. "तू पळ. हे टोक मी धरते. बघते कोण सोडवतं माझ्या हातातून."

*

तळं रोपवाटिकेच्या मागे, बांधापलीकडे. रोपवाली बांधावर चढली तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. खाली सगळी टोळी: निम्मी पाण्यात, निम्मी झाडाखाली आडवी, तोंडावर ओढण्या आणि टोप्या घेऊन. मळ्यातून पहाटेपासून वाकून आलेली अंगं. हाताला-पायाला अजून चिखल. कपडे आणि मोबाइल काठावर ढीग करून ठेवलेले, त्या ढिगातच कुठंतरी तिनं लावलेला फोन वाजून थांबला होता.

हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण घशातून नुसता वारा आला. मग तिनं हाक मारलीच नाही. दोरीचं टोक बांधावरच्या झाडाला एक वेढा देऊन ओढलं. पलीकडे फाटकाशी सासूबाईंनी पाय रोवले. दोरी झाडाझुडपांवरून उचलली गेली, थरथरली आणि ताठ झाली. चाळीस चिंध्या वाऱ्यावर फडफडायला लागल्या.

झाडाखालच्या एकानं तोंडावरची टोपी बाजूला केली. "ए," तो झोपेतच म्हणाला, "ओळ लागली."

ओळ लागली म्हटल्यावर लावणीच्या माणसाचं अंग आपोआप उठतं. डोक्याला कळायच्या आधी कमरेला कळतं. पाण्यातली डोकी वळली. लांबू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला.

"काकू! तुम्ही माघार घेतली ना?"

"माझ्या सासूनं घेतली," रोपवाली धापा टाकत म्हणाली. "वाऱ्यामुळं. चला रे, पाचला बंद होतंय!"

त्यानंतर जे पळणं झालं, त्याची गावात अजून आठवण काढतात. ओल्या कपड्यांची, निथळत्या केसांची, एका पायात चप्पल असलेली चाळीस पोरं गल्लीतून सुसाट निघाली. नाडी दोरीला असल्यामुळे लांबू पँट मुठीत धरून पळत होता आणि तरी सगळ्यांच्या पुढे होता. चष्मेवाली वाटेत ओरडली, "काकू, माझी चिंधी शेळीनं खाल्लीय असं आजी आत्ता फाटकातून ओरडल्या! म्हणजे मी सुटले का?" आणि हे विचारताना ती थांबली मात्र नाही. घराघरातून लोक बाहेर आले. त्या 'बघू'वाल्या दहांतले चार कशाची गडबड म्हणून बघायला निघाले आणि तसेच गर्दीबरोबर शाळेत पोचले.

रोपवाली मागे पडली. सेहेचाळीस वर्षांचे गुडघे, दिवसभराचं उभं राहणं. पंपघराशी ती भिंतीला धरून थांबली. लाल चाकाचं तोंड अजून उजवीकडे होतं. पोरं पोचली, आता काय, असं म्हणून तिनं निवांत श्वास घेतला. मग तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून सगळ्यांच्या मतांची काळजी करता करता तिनं स्वतःचं मत दिलंच नव्हतं.

ती पुन्हा पळत सुटली. शाळेच्या घंटेजवळ शिपाई हात वर करून उभा होता. रांग पायऱ्यांवरून खाली अंगणभर पसरली होती, प्रत्येकाच्या पायाशी तळ्याच्या पाण्याचं थारोळं. मतदानाचे साहेब दारात येऊन विचारत होते, "इथं मध्ये जागा का सोडलीय? पुढं सरका. सरका म्हणतो ना!"

लांबू आणि चष्मेवाली यांच्यामध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी होती. दोघं सरकायला तयार नव्हते.

"आमची एक जण यायचीय," चष्मेवाली म्हणाली.

"ती रांगेत आहे का?"

"तिची ओळ आहे साहेब," लांबू म्हणाला. "आम्ही धरलीय."

पाच वाजता घंटा झाली तेव्हा रोपवालीचा एक पाय त्या रिकाम्या जागेत होता. दुसरा चष्मेवालीनं दंडाला धरून आत ओढला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पाचच्या आत रांगेत आलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. आत यादी घेऊन बसलेल्या लेकीसमोर निथळणारी एकेक आकृती येत गेली. ती प्रत्येक नावापुढे खूण करत होती आणि यादीवर थेंब पडत होते. ते पोरांच्या केसांचे होते, असं ती नंतर सांगायची.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. झारी सतरा मतांनी निवडून आली. दुकानदारानं आकडे दोनदा मोजायला लावले, मग वाटेत रोपवालीला गाठून म्हणाला, "ती दोरी कुठं मिळते?"

"दोरी न्या की," ती म्हणाली. "चिंध्या तुमच्या तुम्हाला बघाव्या लागतील."

नवी पंचायत बसायला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी टोळी रोपवाटिकेत ट्रे उचलायला जमली, तेव्हा लांबू कुंपणाशी जाऊन ओरडला, "ए, इकडं या! इकडं या सगळे!"

मतदानाची ती दोरी सासूबाईंनी पुन्हा कुंपणाला ताणून ठेवली होती; आता ती गुंडाळायला त्या कुणाला हात लावू देत नसत. पोरांनी आपापल्या चिंध्या त्याच संध्याकाळी सोडून नेल्या होत्या. शेवटच्या गाठीला मात्र डोक्याच्या फडक्याची एक पट्टी वाऱ्यावर हलत होती.

"काकूंची लटकली!" चष्मेवाली टाळ्या पिटत म्हणाली. "काकूंची लटकली!"

"अगं, मी मत दिलंय! तुम्हीच ओढलंत ना मला!"

"दिलं असेल. सोडली नाही. सोडली नाही म्हणजे लटकली. काय हो आजी?"

सासूबाई शेळीला दाव्यानं घट्ट धरून ओट्यावर बसल्या होत्या. "रीत म्हणजे रीत," त्या म्हणाल्या. "मला ती आता चांगली ठाऊक आहे."

त्या दिवशी लावणी जवळच होती, पंपघरामागच्या शेतात. बाराला शिपायानं येऊन लाल चाक डावीकडे फिरवलं. नळ आधी खोकला, मग गंजाचं लाल पाणी थुंकला, मग स्वच्छ धार लागली. जाळीखाली लेक एकटीच झारी घेऊन वांग्याच्या रोपांवर पाणी शिंपडत होती. या वेळी पळत नव्हती, चालत होती.

पंचायतीच्या नव्या सदस्यबाईंनी दोन कळश्या भरल्या, एक डोक्यावर घेतली, एक कमरेवर, आणि बांधावरून टोळीच्या दिशेनं निघाल्या. ओळीतून लांबूनं मान वर केली.

"काकू, लवकर! आणि पुढच्या वेळी थंड आणा!"